फाल्गुनातली उल्हास व्हॅली

मंडळी, उल्हास व्हॅली म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? धबधबे, धुकं, चिखल, रेनकोटातले आपण आणि आपल्या मागेपुढे अजून दोनशे रेनकोट. त्यात वाईट काही नाही. अस्मादिकांनीही जुलैत राजमाची दोनदा केलाय आणि कणीस खात 'भन्नाट!' म्हणून ओरडलोही आहे. पण पावसाळ्यात दरी दिसत नाही हो, ढग दिसतो. दरी बघायची तर होळीच्या आधीचे पंधरा दिवस. पंचांगातला वसंत चैत्रात येत असेल, झाडांना तेवढा धीर नसतो.

बेत साधा. कर्जतहून टमटमने कोंदिवड्याला, तिथून नदीच्या कडेने कोंढाणे लेणी, मग खडा चढ चढून राजमाचीच्या पायथ्याचं उधेवाडी, आणि तिथून लोणावळ्यापर्यंत लांबलचक कच्चा रस्ता. सगळं मिळून वीस-बावीस किलोमीटर. माणशी चार लिटर पाणी घ्या, मी गंमत करत नाही. आणि पहाटेची लोकल पकडा, कारण दहानंतर ऊन कुणाचे लाड करत नाही.

सोबत होता शेठ. हे त्याचं हॉस्टेलमधलं नाव. चार वर्षांत कधी चहाचे पैसे दिले नाहीत म्हणून पडलेलं. एरवी याचं तोंड बंद करायला दोन माणसं लागतात, पण त्या दिवशी कर्जतपर्यंत गडी खिडकीबाहेर बघत बसला. कारण मला ठाऊक होतं. तीन आठवड्यांपूर्वी पंधरा मिनिटांच्या एका कॉलमध्ये त्याची नोकरी गेली होती. 'रीस्ट्रक्चरिंग'. कॉल संपायच्या आत मेल बंद. हे आजकाल कुणाचंही होतं, त्यात नवल उरलेलं नाही. नवल पुढे आहे. हा माणूस तेव्हापासून रोज सकाळी सव्वानऊला डबा घेऊन, बॅग खांद्याला लावून घराबाहेर पडत होता आणि संध्याकाळी सातला परत येत होता. बायकोला पत्ता नाही. अप्पांना तर नाहीच. अप्पा एकाच बँकेत छत्तीस वर्षं नोकरी करून निवृत्त झालेत, त्यांना 'लेऑफ' हा शब्द समजावायचा तरी कसा, असं त्याचं म्हणणं.

असो. कोंदिवड्याच्या पुढे नदीचं पात्र लागतं. फाल्गुनात त्याला नदी म्हणायला मन मोठं लागतं. गोटे, वाळू, मधूनच एखादा हिरवट डोह. पण हीच उल्हास पुढे कर्जत, बदलापूर, कल्याण करत वसईच्या खाडीला जाते. जुलै २०१९ मध्ये बदलापूर-वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली होती, आठवतंय? ती याच बाईच्या पुरात. आम्ही बूटही न भिजवता तिला ओलांडलं.

आणि मग सुरू झाला लाल रंग. आधी काटेसावर, अंगभर काटे आणि फांद्यांवर पान नाही, नुसती वाटीएवढी जाड पाकळ्यांची फुलं. मग पांगारा. आणि उतारावर पळस, सगळीकडे पळस. शहरात आपण पळस बघतो तो रस्त्याकडेचा एखाददुसरा, धूळ खाल्लेला. इथे अख्खा उतार केशरी होतो. या तिन्ही झाडांचं गणित एकच आहे. फुलांना वास जवळपास नाही, कारण यांचं मोठं गिऱ्हाईक पक्षी आणि पक्ष्यांना वासाशी फारसं देणंघेणं नसतं. त्यांना दिसायला हवा रंग आणि प्यायला हवा मध. पानंच नसली की फूल लांबूनही नजरेत भरतं. एका सावरीवर मैना, बुलबुल आणि कोतवाल यांची अशी काही भांडणं चालली होती की आम्ही दहा मिनिटं माना वर करून उभे. मागे कुठेतरी कुटुर्ग्याचं 'कुटुर्र कुटुर्र' अखंड चालू.

"म्हणजे झाडाने यूआय क्लीन केला," शेठ म्हणाला. दिवसातलं त्याचं पहिलं धड वाक्य.

मी तोंड उघडणार तेवढ्यात तो म्हणाला, "आणि हे पानगळ, नवी पालवी वगैरे माझ्यावर घालू नकोस. मार खाशील."

घातलं नाही. आता इथेही घालत नाही.

कोंढाणे लेणी झाडीत दडलेली आहेत, पावसाळ्यात तर अंगावर धबधबा घेऊन बसलेली. आता समोर मोकळं होतं. इसवी सनाच्या आधीचं हे बौद्ध चैत्यगृह. गंमत म्हणजे अख्ख्या दर्शनी भागावर लाकडी इमारतीची नक्कल आहे. सज्जे, जाळ्या, कमानी, सगळं दगडात. आतले बरेच खांब खालून तुटलेत, तरी वरचं छत जागच्या जागी. दर्शनी भागाच्या डाव्या अंगाला एका मूर्तीचं भग्न डोकं आणि शेजारी ब्राह्मीत एक ओळ. अर्थ असा, की कण्हाचा शिष्य बलक याने हे केलं.

लेण्यांमध्ये दान देणाऱ्यांची नावं ढिगाने सापडतात. करणाऱ्याचं नाव क्वचितच. मी याला दोन हजार वर्षांपूर्वीचा कमिट मेसेज म्हटलं. शेठने ओळीकडे बघितलं, अर्थ पुन्हा विचारला आणि म्हणाला, "मॅनेजरचं नाव आधी आलंय बघ." खरंच, मूळ ओळीत कण्ह पहिला आणि बलक नंतर! मग तो बराच वेळ त्या डोक्यासमोर बसून राहिला. "याला पुढचं काम मिळालं असेल का रे?" मी काही बोललो नाही.

लेण्यांपासून वर चढ म्हणजे चढच. सुकलेल्या पानांवरून पाय सटकतो, घाम डोळ्यांत जातो. पण झाडं मोकळी असल्याने दर वळणावर पलीकडचा डोंगर दिसतो आणि त्याच्या कुशीत रेल्वे. १८६३ साली सुरू झालेला बोरघाट. ३७ फुटांमागे एक फूट चढ, रेल्वेच्या हिशेबात भलताच तीव्र. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये इथे आला आणि महिन्याभरातच वारला. कंत्राट त्याच्या बायकोने, अ‍ॅलिसने पुढे चालवलं. पुण्या-मुंबईच्या फेऱ्यांत मी ही दरी शेकडो वेळा खिडकीतून बघितलीय, बोगदा संपला की दोन सेकंद राजमाचीची जुळी टोकं, की पुन्हा बोगदा. आता दरीतून गाडी बघत होतो. मुंगीसारखी चालली होती बिचारी.

वर एक अख्खा उतार काळा पडला होता. वणवा. नवं गवत चांगलं येतं म्हणून काही जण मुद्दाम लावतात, काही ठिकाणी आपल्यासारख्यांचं एक थोटूक पुरतं. वनखातं जाळरेषा काढतं, पण वाऱ्याला रेष कळत नाही. राखेत एका छोट्या पळसाचं बुंध्यापर्यंत कोळसा झालेलं खोड होतं. मंडळी, या दिवसांत जंगलात काडी ओढू नका. शेकोटी तर नकोच नको.

उधेवाडीत पोचलो तेव्हा बारा वाजून गेले होते. उदयसागर तलावात पाणी होतं, बरं वाटलं. श्रीवर्धन आणि मनरंजन, दोन्ही बालेकिल्ल्यांना या वेळी खालूनच नमस्कार. एका घरी पिठलं-भाकरी सांगितली. मावशींनी चुलीपाशी बसूनच विचारलं, "कुठं कामाला असता, दादा?"

मी माझं सांगितलं. मग त्यांनी शेठकडे बघितलं.

"सध्या कुठंच नाही, मावशी. गेली नोकरी."

तीन आठवड्यांत हे वाक्य मी सोडून तो पहिल्यांदाच कुणाला तरी मोठ्याने म्हणत होता. मावशींनी भाकरी परतली. "माझा पोरगा पण दोनदा बसलाय घरी," त्या म्हणाल्या, "ठेचा वाढू का?"

पुढचे पंधरा किलोमीटर कंटाळवाणे आहेत, उगाच खोटं कशाला सांगू? धूळ, ऊन, मधूनच करवंदीच्या पांढऱ्या फुलांचा वास, एवढंच सुख. पण शेठची टकळी सुरू झाली होती. ईएमआय किती, मिळालेले दोन पगार कुठवर पुरतील, कुणाला फोन करायचे राहिलेत. बोटांवर हिशेब करत चालला होता. एका वळणावर खिशातले दोन्ही फोन एकदम वाजायला लागले. रेंज आली. शेठने मला थांब अशी खूण केली आणि पन्नासेक पावलं पुढे गेला.

मी एका जांभळीखाली बसलो. ऐकू काही येत नव्हतं, फक्त त्याचा हात दिसत होता. आधी हवेत फिरणारा, मग मानेवर, मग नुसताच खाली. वीस मिनिटं तरी झाली असतील. परत आला तो नाक पुसत.

"काय म्हणाली?"

"म्हणाली, तीन आठवडे डबा कुठे बसून खात होतास?"

"आणि?"

"मग रडली. मग म्हणाली, अप्पांना तू सांगायचंस, मी नाही. आणि लोणावळ्याहून येताना चिक्की आण म्हणाली."