उलटी प्रदक्षिणा

मॉस्कोला निघाले तेव्हा माझ्या बॅगेत कपड्यांपेक्षा दशम्या, बिनलसणाची शेंगाचटणी आणि भडंगच जास्त होतं. जूनमध्ये तिथं सूर्य रात्री नऊनंतर मावळतो, त्यामुळे रात्री न जेवण्याचा नेम बेळगावपेक्षा तिथंच सोपा गेला. भीती होती ती मेट्रोच्या सरकत्या जिन्यांची. काही जिने इतके खोल की वर उभं राहिलं तर खालचं टोक दिसत नाही.

पण खाली उतरलं की डोळे दिपतात. ही मेट्रो 1935 साली सुरू झाली. राजवाड्यातलं संगमरवर आणि झुंबरं कामगारांच्या रोजच्या वाटेवर आणायची, असा तेव्हाच्या सरकारचा बेत होता. ‘प्लोशाद रेवोल्युत्सी’ स्टेशनात कमानीखाली 76 कांस्यपुतळे आहेत. त्यातल्या सैनिकाच्या कुत्र्याचं नाक येणारेजाणारे शुभ म्हणून चोळतात. ते सोन्यासारखं चकाकतं. मीही हात लावला. आपल्या बस्तीचा उंबरा असाच हातांनी गुळगुळीत होतो, नाही का?

वर्तुळाकार मार्गावरचं ‘कोमसोमोल्स्काया’ 1952 सालचं. पिवळं छत, त्यावर चित्रकार कोरिनची आठ मोझेक चित्रं. आमच्या किल्ल्यातल्या कमल बस्तीतलं दगडी कमळ बघायला मान वर करतो, तशी मान करून मी उभी होते. गाडी आली, गर्दीबरोबर मी आत ढकलली गेले. ह्यांना अजून एक फोटो हवा होता. दारं मिटली. मी आत, हे बाहेर.

पोटात गोळाच आला. पैसे, पासपोर्ट, हॉटेलचा पत्ता, एवढंच काय, माझा मोबाईलसुद्धा ह्यांच्याकडे. लग्नाला 38 वर्षं झाली, पण प्रवासातलं तिकीट कधी माझ्या हातात नव्हतं. “तू फक्त माझ्या मागे राहा,” हे म्हणायचे, आणि मला ते बरंही वाटायचं. खोटं कशाला बोलू?

पाट्या रशियन, एक अक्षर कळेना. तेवढ्यात बाईच्या आवाजात सूचना झाली आणि सकाळी गाईडनं सांगितलेलं आठवलं. ह्या मार्गावर घड्याळाच्या काट्यांप्रमाणे जाणाऱ्या गाडीत पुरुषाचा आवाज असतो, उलट जाणाऱ्या गाडीत बाईचा. बारा स्टेशनं, पूर्ण फेरी साधारण अर्ध्या तासाची. म्हणजे माझी गाडी उलटी जात होती, पण वर्तुळातच. उतरून घोळ घालण्यापेक्षा बसून राहिलं तर निघाले तिथंच पोचणार होते. बसले.

गंमत बघा. आवाज बाईचा, पण कित्येक वर्षं तिथं बायकांना ही गाडी चालवू देत नव्हते. 2021 पासून पुन्हा महिला चालक आल्या, हेही गाईडनंच सांगितलं होतं.

स्टेशनांची खरी शोभा मधल्या दालनात असते, डब्यातून ती फारशी दिसत नाही. दिसतात ती माणसं. समोरच्या आजींच्या पिशवीतून चक्क शेपूची जुडी डोकावत होती! मी बोट दाखवून हसले. त्यांनी काहीतरी विचारलं, मी मराठीतच सांगितलं, “आमच्याकडे मुगाच्या डाळीत घालतात.” दोघी हसलो. त्या उतरल्या तेव्हा माझ्या हाताला हात लावून गेल्या. मग मी स्टेशनं मोजायला लागले. सहावं, सातवं, आठवं... भीती कुठं गेली कळलंच नाही.

बाराव्या स्टेशनला दार उघडलं, तर समोर पिवळं छत. हे मात्र त्याच जागी, घामाघूम. पुढच्या स्टेशनकडे धावायला निघाले होते, गाईडनं अडवून ठेवलं होतं. माझा हात धरला तेव्हा त्यांचाच हात थरथरत होता.

“कुठं होतीस गं?”

“प्रदक्षिणा घालून आले,” मी म्हटलं, “उलटी.”

त्या रात्री मी माझा पासपोर्ट मागून घेतला. ह्यांनी काही न बोलता दिला. वर थोडे रूबलही दिले. तेव्हापासून माझा पासपोर्ट माझ्याच पर्समध्ये असतो. बायांनो, तुमचा कुठं आहे?