डुकराचं इन्सुलिन चाललं, मग गाईचं ग्रोथ हार्मोन का नाही?

इन्सुलिन सुरू करायचं म्हटलं की "डॉक्टर, ते डुकरापासून बनवतात ना?" हा प्रश्न अजूनही येतो. आम्ही शिकत होतो तेव्हा तो रास्त होता; वॉर्डातल्या बाटल्यांवर बोव्हाइन, पोर्साइन असं छापलेलंच असायचं. आज मिळणारं ह्यूमन इन्सुलिन जिवाणू किंवा यीस्टकडून बनवून घेतात. तेव्हा या कारणासाठी इंजेक्शन थांबवू नका. टाइप 1 मधुमेहात तर ते बंद केल्यावर एक-दोन दिवसांत रक्तात आम्ल साठून जिवावर बेतू शकतं.

पण प्राण्याचं इन्सुलिन माणसाला चाललं कसं? इन्सुलिन हे 51 अमिनो आम्लांचं. त्या मण्यांपैकी डुकराचा एकच मणी आपल्यापेक्षा वेगळा, गाईचे तीन. पेशीवर हार्मोनला ओळखणारं जे प्रथिन असतं, म्हणजे रिसेप्टर, ते हा फरक फारसा मनावर घेत नाही. म्हणूनच 1922 मध्ये टोरांटोत 14 वर्षांच्या लेनर्ड थॉम्पसनला प्राण्याच्या स्वादुपिंडाचा अर्क लागू पडला.

ग्रोथ हार्मोनचंही असंच होईल असं वाटलं होतं. गाई-डुकरांचं हार्मोन खुज्या मुलांना देऊन पाहिलं. मुलं वाढली नाहीत. माणसाच्या या रिसेप्टरवर 43 व्या जागी आर्जिनिन असतं, गाई-डुकरांत तिथे ल्युसिन. प्राण्याचं हार्मोन आपल्या आर्जिनिनपाशी अडतं. गंमत म्हणजे उलटं चालतं, माणसाचं हार्मोन उंदरालाही वाढवतं! मग मृत माणसांच्या पिट्युटरी ग्रंथींतून हार्मोन काढू लागले. त्यातून काही मुलांना अनेक वर्षांनी मेंदूचा जीवघेणा क्रॉयट्झफेल्ट-जेकब आजार झाला आणि 1985 मध्ये अमेरिकेत ते बंद करावं लागलं. जिवाणूंकडून बनवलेलं हार्मोन त्याच वर्षी आलं. एका मण्याची ही किंमत.

रिसेप्टरची घराणी त्यांच्या बांधणीवरून ठरतात. इन्सुलिनचा रिसेप्टर स्वतःच एन्झाइम असतो. ग्रोथ हार्मोनचा तसा नसतो, तो शेजारचं एन्झाइम कामाला लावतो. ग्लुकागॉन आणि जीएलपी-1 यांचे रिसेप्टर पेशीच्या आवरणातून सात वेळा आरपार गेलेले असतात. त्यांचं घराणं फार मोठं.

या तिसऱ्या घराण्यातली गोष्ट मला सगळ्यात आवडते. अमेरिकेच्या वाळवंटात गिला मॉन्स्टर नावाचा विषारी सरडा आहे. त्याच्या लाळेतलं एक पेप्टाइड आपल्या जीएलपी-1 शी जेमतेम निम्मं जुळतं, तरी आपल्या रिसेप्टरवर छान बसतं आणि रक्तात जास्त टिकतं. त्यावरून एक्सेनाटाइड हे मधुमेहाचं औषध 2005 मध्ये आलं. तेही प्रयोगशाळेतच बनतं, सरडा कुणी पिळत नाही. सध्या गाजणारं सेमाग्लुटाइड याच रिसेप्टरवर काम करतं, पण ते माणसाच्या जीएलपी-1 वरून बेतलेलं आहे. त्याचा डोस, मळमळ, खर्च याबद्दल जरूर विचारा. सरड्याची काळजी शाकाहारी मंडळींनीही करू नये.