चार अक्षरांचा माणूस

सॉफ्टवेअरमध्ये दोन-चार वर्षं काढली असतील, तर एच.आर.वाल्यांनी तुम्हाला कधीतरी हॉलमध्ये बसवून तुमचा 'टाइप' काढून दिलाच असेल. वर चहा-समोसा. मग आठवडाभर कँटीनमध्ये "तू काय निघालास?" हा एकच विषय. पत्रिका जुळवताना देवगण-राक्षसगण बघतात ना, तसंच काहीसं! पण या सगळ्या चाचण्या एकाच माळेचे मणी नाहीत बरं का.

सगळ्यात प्रसिद्ध एमबीटीआय. कार्ल युंगच्या १९२१ सालच्या पुस्तकावरून कॅथरिन ब्रिग्ज आणि तिची मुलगी इझाबेल मायर्स यांनी बेतलेली. चार जोड्या, सोळा प्रकार. गोची अशी, की ती मधोमध रेघ मारून माणसाला इकडे नाहीतर तिकडे टाकते. रेघेजवळचा माणूस महिन्याभराने पुन्हा बसला तर पलीकडे जाऊ शकतो.

डिस्कचं मूळ विल्यम मार्स्टनच्या १९२८ सालच्या पुस्तकात (हाच पुढे वंडर वुमनचा जनक!). तिचा भर वागण्यावर. समोरच्याला थेट मुद्दा हवा, आधी गप्पा हव्यात, की एक्सेल शीट? रोजच्या बोलण्यासाठी ही सोपी.

बिग फाइव्ह संशोधकांची लाडकी. तिच्यात कप्पे नाहीत, पाच मोजपट्ट्या आहेत आणि आपण बहुतेक जण मध्येच कुठेतरी. शास्त्र म्हणून हीच भक्कम. पण "मी बहिर्मुखतेत मध्यम" असं कँटीनमध्ये सांगण्यात काय मजा?

आता मुद्द्यावर येतो. आमच्या टीममधला एक मित्र चाचणीत 'इंट्रोव्हर्ट' निघाला. हळूहळू मॅनेजरने त्याला क्लायंट कॉलवर घेणंच बंद केलं. का, तर "त्याला नाही आवडत रे". अप्रेझलमध्ये शेरा आला: कम्युनिकेशन कमी. आता बोला! हाच माणूस जेवणाच्या सुट्टीत मराठीत असा सुटतो, की समोरच्याचा डबा गार होतो. चाचणी इंग्रजीत, कॉल इंग्रजीत, पलीकडे अनोळखी माणसं. मग मोजलं काय? स्वभाव, की भाषेची भीड?

एमबीटीआयची प्रकाशक कंपनी स्वतःच सांगते, की नोकरीसाठी माणसं निवडायला ही चाचणी वापरू नका. मग कामं वाटायला तरी का वापरायची?

शेवटी त्यानेच मॅनेजरला विचारलं, "कॉलचे प्रश्न आदल्या दिवशी मेल कराल का?" बस्स, एवढंच. पुढच्या कॉलला गडी वीस मिनिटं बोलला.

तेव्हा मंडळी, चाचणी जरूर द्या. पण निकाल वापरा तो स्वतःबद्दल बोलायला. "मी अमुक टाइप" म्हणण्यापेक्षा "आधी लिहून दिलंस तर मला बरं पडतं" हे कितीतरी कामाचं. आणि समोरच्याला काय सोयीचं पडतं ते सरळ त्यालाच विचारा. त्याला ना लायसन्स लागतं, ना फी.