गोवळकोंड्याचा बिशप डिचोलीत

नारायणगुडा, हैदराबाद
4 नोव्हेंबर

चि. छकुलीस,

तुझ्या सासऱ्यांचा निरोप पोचला. मुंबईला कार्डिनल झाले, गोव्याला झाला, पण निजामाच्या गावात कार्डिनल कुठून आला, असं त्यांनी विचारलंय. वसईच्या जुन्या कॅथलिक घराण्यातल्या माणसाने हे नारायणगुड्याच्या एका निवृत्त बँकवाल्या देशस्थाला विचारावं, याची मला गंमत वाटली. पण चाळीस वर्षं इथल्या ख्रिस्ती लोकांच्या शेजारात काढली आहेत, आणि इसामिया बाजारच्या आपल्या मराठी ग्रंथसंग्रहालयात दुपार घालवायला मला काहीतरी निमित्त लागतंच. तेव्हा सविस्तर लिहितो. त्यांना वाचून दाखव, नुसतं फोनवर सांगू नकोस. तू सांगताना नेहमी मधलं गाळतेस.

अँथनी पूला हे हैदराबादचे पहिले कार्डिनल. तेलुगू लोकांमधले पहिले, आणि दलित समाजातले भारतातले पहिले. इतकं वर्तमानपत्रांत सगळ्यांनीच वाचलं. गोवळकोंड्याच्या नावाने नेमलेला पहिला बिशप मात्र तुमच्या-आमच्या बाजूचा होता, हे सासऱ्यांना बहुधा ठाऊक नसेल. मांडवीतल्या दिवाडी बेटावरचा ब्राह्मण, मातेउस द कास्त्रो.

या माणसाची हकिगत मी पहिल्यांदा वाचली तेव्हा मला कादंबरीच वाटली. सोळाव्या शतकाच्या शेवटी जन्म. धर्मगुरू व्हायची इच्छा, पण गोव्याच्या आर्चबिशपने दीक्षा द्यायला नकार दिला, कारण माणूस नेटिव्ह. मग हा पठ्ठ्या 1621च्या सुमारास इराणमार्गे खुष्कीने निघाला आणि काही वर्षांनी रोमला पोचला. त्याची वेळ बरोबर साधली. पूर्वेकडच्या मुलखात बिशप कोण नेमणार, याचा हक्क पोपने पूर्वीच पोर्तुगालच्या राजाला देऊन टाकला होता आणि आता रोमला त्याचा पश्चात्ताप होत होता. 1622मध्ये पोपने धर्मप्रसाराचं एक स्वतंत्र खातं काढलं. त्याचा सचिव इंगोली याला पोर्तुगीजांना वळसा घालून काम करणारी माणसं हवीच होती. समोर लॅटिन येणारा, चिडलेला गोवेकर उभा राहिला. आणखी काय पाहिजे!

युक्ती अशी काढली की याला गोव्याचा बिशप करायचंच नाही. कधीच नामशेष झालेल्या ख्रिसोपोलिस नावाच्या पीठाचा बिशप करायचं आणि पोपचा प्रतिनिधी, म्हणजे व्हिकर अपोस्टॉलिक, म्हणून आदिलशाही मुलखात पाठवायचं. तो मुलूख पोर्तुगीजांचा नव्हताच, त्यामुळे त्यांच्या हक्काला कागदोपत्री धक्का नाही. 1637 साली हे झालं. लॅटिन पंथातला हा पहिला भारतीय बिशप. रोमच्या दप्तरात त्याच्या प्रांताचं नाव 'इदाल्कान', म्हणजे आपला आदिलखान! पुढे गोवळकोंडाही त्याच्याच नावावर लागला.

बसला मात्र तो डिचोलीत. नकाशा काढून बघ, तेव्हा डिचोली आदिलशाहीत आणि तिथून जुनं गोवं हाकेच्या अंतरावर. पोर्तुगीजांच्या नाकासमोर त्याने चर्च बांधलं आणि गोव्यात ज्यांना दीक्षा मिळत नव्हती त्यांना तिथे दीक्षा द्यायला सुरुवात केली. गोव्याच्या आर्चबिशपचा संताप तू कल्पनेने समजून घे. मातेउसचं अधिकारपत्रच खोटं आहे इथपासून सगळे आरोप झाले. तो पुन्हा रोमला गेला, मध्ये इथिओपियाच्या मोहिमेवर गेला, परत डिचोलीला आला. 1653मध्ये त्याने 'ब्राह्मणांचा आरसा' या अर्थाच्या नावाची एक पुस्तिका लिहून गोव्याच्या ख्रिस्ती ब्राह्मणांना पोर्तुगीजांविरुद्ध उठायला सांगितलं. पुढच्याच वर्षी विजापूरची फौज गोव्याच्या हद्दीत शिरली. तिला आत बोलावणारा हाच, असं पोर्तुगीजांचं म्हणणं. फौज मागे हटली, आणि थोड्या वर्षांनी तो रोमला जो गेला तो तिथेच वारला. 1669मध्ये त्याच्या जागी आलेला कुस्तोदियो द पिन्यो हाही गोवेकरच, आणि त्याच्या पदात विजापूर आणि गोवळकोंडा ही दोन्ही नावं स्पष्ट आहेत.

हल्ली मातेउसला स्वातंत्र्याचा आद्य पुरस्कर्ता वगैरे म्हणणारे लेख येतात. म्हणोत बापडे. त्याचा राग शंभर टक्के खरा होता. पण त्याची तक्रार नीट ऐकली तर ती अशी आहे की, आमच्यासारख्या कुलीन माणसांना हे परके लोक खाली बसवतात. त्याने दीक्षा दिली तीही ब्राह्मणांना. बाकीचे गोवेकर त्याच्या आरशात दिसत नाहीत. एका ब्राह्मणाला हे चटकन दिसतं, कारण आपल्या घरातही असले आरसे होते. हा मुद्दा लक्षात ठेव, पुढे लागणार आहे.

गोवळकोंड्याचं आणि गोव्याचं आणखी एक नातं तू स्वतः पाहिलं आहेस. जुन्या गोव्यात सें कायतानचं चर्च आहे ना, रोमच्या सेंट पीटरसारखा घुमट असलेलं, जिथे तू लग्नानंतर फोटो काढले होतेस? ते बांधणाऱ्या इटालियन थिएटाइन पाद्र्यांना पोपने खरं तर गोवळकोंड्याला धाडलं होतं. कुतुबशाहने शिरकाव दिला नाही, म्हणून ते गोव्यात राहिले. कुतुबशाह जरा नरम असता तर तो घुमट आज इथे टोली चौकीजवळ दिसला असता!

पुढच्या दीडशे वर्षांत सांगण्यासारखं थोडं आहे. कुतुबशाही गेली, मोगल आले, आसफजाही आली. अधूनमधून पाद्री येत, मद्रासच्या आणि मैलापूरच्या अधिकाराची भांडणं चालत. खरं बस्तान बसलं ते इंग्रजांच्या छावणीमुळे. सिकंदराबादची छावणी 1806ची. कंपनीच्या गोऱ्या पलटणींत आयरिश शिपाई भरपूर आणि आयरिश म्हणजे कॅथलिक. त्यांच्या मागोमाग मद्रासकडून तमिळ कॅथलिक आले, कोणी बावर्ची, कोणी कारकून, कोणी बाजेवाला. आजही सिकंदराबादच्या चर्चमधून तमिळमध्ये मिस्सा होते ती त्यामुळे.

या शिपायांसाठी कॉर्क परगण्यातला डॅनियल मर्फी नावाचा तरुण पाद्री आला. 1846मध्ये, जेमतेम एकतिसाव्या वर्षी, तो बिशप झाला. सिकंदराबादचं सेंट मेरीज त्याने उभं केलं, 1850 साली ते पूर्ण झालं. त्याला 2008मध्ये बॅसिलिकाचा मान मिळाला. 1851मध्ये मद्रासपासून तोडून हैदराबादचा स्वतंत्र व्हिकरिएट झाला, आणि आजच्या महाधर्मप्रांताचा सलग इतिहास तिथून सुरू होतो. मर्फीला इथली हवा मानवली नाही. प्रकृती ढासळली म्हणून हवापालटासाठी गेला तो थेट टास्मानियात. होबार्टचा बिशप झाला, मग आर्चबिशप झाला आणि ब्याण्णव वर्षं जगला! त्याला खगोलशास्त्राचा नाद होता. हैदराबादच्या उन्हाने ज्याला मरणाच्या दारात नेलं तो म्हातारपणी सूर्याचा अभ्यास करत बसला, हे मला फार आवडतं.

मर्फीनंतर इथली गादी मिलानच्या मिशनऱ्यांकडे गेली आणि पुढे ऐंशी-एक वर्षं तिथेच राहिली. बार्बेरो, काप्रोत्ती, विगानो, विस्मारा, बेरेत्ता, सगळे इटालियन. त्यांचा प्रांत केवढा, तर निजामाचा तेलंगणा आणि वर मछलीपट्टणचा समुद्रकिनारा. सगळं बैलगाडीने. 1886मध्ये काप्रोत्तीच्या काळात हैदराबादचा रीतसर धर्मप्रांत झाला. त्यांच्या नकाशाची एक गंमत अशी की निजामाचं राज्य एक असलं तरी चर्चने ते कधीच एक धरलं नाही. औरंगाबाद-जालन्याकडचे मराठी ख्रिस्ती नागपूरच्या बिशपकडे असत. तेलंगणातलं आदिलाबाद तर पुढे कित्येक वर्षं चांद्याच्या सिरो-मलबार बिशपकडे होतं, 1999मध्ये ते वेगळं झालं. भाषावार प्रांतरचना 1956ची. पाद्र्यांनी मराठवाडा त्याच्या कितीतरी आधी निजामाकडून काढून घेतला होता.

इटालियनांचं काम बघायचं असेल तर गनफाउंड्रीचं सेंट जोसेफ कॅथीड्रल बघ. आपल्या घरून किंग कोठीवरून पायी गेलं तर अर्धा तास. निजामाचा फ्रेंच सरदार रेमोंची तोफा ओतायची भट्टी अठराव्या शतकात जिथे होती तिथे, उंचवट्यावर. जुने लोक अजून त्या जागेला 'तोप का सांचा' म्हणतात. पायाचा दगड 1870चा, दोन मनोरे मागाहून चढले, घंटा इटलीहून आणल्या. आत गेलीस की डोळ्यांत भरतो तो पांढऱ्या खांबांचा थंडपणा. बाहेर आबिड्सच्या रिक्षांचा गोंगाट आणि आत पंख्याची घरघर. रविवारी तेलुगू मिस्सा सुटत असते आणि इंग्रजीवाले दारात उभे असतात. गजरा माळलेल्या बायका, कडेवर पेंगणारी पोरं, आणि दाराशी चपलांचा ढीग, कारण बरेचसे लोक अनवाणी आत जातात.

या इटालियनांतला डेनिस विस्मारा 1909पासून 1948पर्यंत बिशप होता. सहावे निजाम, सातवे निजाम, दोन महायुद्धं, रझाकार, सगळं त्याच्या डोळ्यांदेखत झालं. 1940मध्ये इटली युद्धात उतरली तेव्हा इंग्रजांच्या सगळ्यात निष्ठावान संस्थानात शत्रुराष्ट्राचा नागरिक बिशप म्हणून बसला होता. त्याच काळात त्याच्या हाताखालचा प्रांत लहानही होत गेला, बेझवाडा गेलं. 1952मध्ये वरंगळ वेगळं झालं आणि शेवटचा इटालियन बिशप, बेरेत्ता, तिकडे गेला.

1953मध्ये हैदराबाद महाधर्मप्रांत झाला आणि जोसेफ मार्क गोपू हे पहिले आर्चबिशप. मातेउस आणि पिन्यो यांच्यानंतर या गादीवर आलेला हा भारतीय माणूस. हिशेब कर, म्हणजे किती वेळ लागला ते दिसेल. त्यांच्यानंतर सामिनेनी अरुळप्पा यांनी जवळजवळ तीस वर्षं कारभार केला.

आता मघाचा मुद्दा. गोरे गेले म्हणून वर-खाली संपलं असं तेलुगू चर्चमध्येही झालं नाही. इथे धर्मांतर गावंच्या गावं झालं, बहुतेक माला आणि मादिगा वस्त्यांतून. पण रेड्डी आणि कम्मा घराणीही ख्रिस्ती झाली आणि पाद्री-बिशप पुष्कळदा त्यांच्यातून आले. मागे बसणारे बहुसंख्य आणि वेदीवर उभे राहणारे दुसरेच, असा मामला. 2000 साली मरमपुडी जोजी हे आर्चबिशप झाले, देशातले पहिले दलित आर्चबिशप, तेव्हा चर्चच्या आतूनच कुरकुर झाली. ते 2010मध्ये गेले. मग तुम्मा बाल, आणि 2020च्या शेवटी पूला, जे त्याआधी कर्नूलचे बिशप होते. कर्नूल जिल्ह्यातल्याच एका खेड्यातला हा मुलगा. घरच्या गरिबीने सातवीनंतर शाळा सुटली होती, मिशनऱ्यांनी पुन्हा शिकायला नेलं.

आणि 27 ऑगस्ट 2022. रोममध्ये पोप फ्रान्सिस यांनी एकाच समारंभात दोन भारतीयांना लाल टोपी दिली, हैदराबादच्या पूलांना आणि गोव्याच्या फिलिप नेरी फेर्रांव यांना. ज्या गोव्याच्या आर्चबिशपने मातेउसला दारातून हाकललं त्याचा वारस आणि ज्या गोवळकोंड्याचं नाव मातेउसला मिळालं तिथला वारस, दोघांनी एकाच दिवशी गुडघे टेकले. दोघेही नेटिव्ह. त्यातला एक तर असा की मातेउसने त्याला दीक्षा दिली असती की नाही, मला शंका आहे. 2025च्या मे महिन्यात नवा पोप निवडायला दोघेही रोममध्ये होते.

सासरे विचारतील, मग सुटला का प्रश्न? त्यांना सांग, कार्डिनलची टोपी रोमहून आली, जातीचा दाखला दिल्लीहून येतो. 1950च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जाती म्हणजे फक्त हिंदू. 1956मध्ये शीख घेतले, 1990मध्ये आपल्याकडचे नवबौद्ध घेतले. दलित ख्रिस्ती अजून बाहेर आहेत आणि बिशप मंडळी दर वर्षी 10 ऑगस्टला काळा दिवस पाळतात. आमच्या गल्लीत इस्त्रीवाला आहे, केशव मेमोरियलच्या कोपऱ्यावर, तू ओळखतेस. त्याची दोन नावं आहेत. चर्चमध्ये एक, तहसील कचेरीत दुसरं. परवा 2 तारखेला नारायणगुड्याच्या ख्रिस्ती दफनभूमीत तो बापाच्या थडग्याला चुना लावत होता. झेंडूच्या माळा, मेणबत्त्या, उदबत्त्याही होत्या. शेजारच्या दगडांवर इंग्रजी, तमिळ, तेलुगू, सगळ्या लिप्या. मी विचारलं, दगडावर कुठलं नाव घातलंस? म्हणाला, "सार, हियां तो सच्चा वालाच डालते."

सासऱ्यांना नमस्कार सांग. 'सुवार्ता'चे जुने अंक ते रद्दीत घालणार असतील तर थांबव आणि इकडे पाठव. डिसेंबरात येणार असशील तर आठवडाभर आधी कळव. आता मेट्रो दारात आहे, नारायणगुडा स्टेशनावर उतर. सिकंदराबादचं सेंट मेरीज एका सकाळी होईल, गनफाउंड्री दुसऱ्या. तुझ्या मामीने बोबट्टलूची, म्हणजे इथल्या पुरणपोळ्यांची, तयारी आत्तापासूनच चालवली आहे.

तुझा,
मामा