केशरी टोपण

लाल टोपणाची सिरिंज ४० च्या बाटलीसाठी, केशरी टोपणाची १०० च्या बाटलीसाठी. आपल्याकडे इन्शुलीनची बाटली बहुधा ४० ची असते, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट. पेनमधलं इन्शुलीन सहसा १०० चं, आणि अमेरिकेत तर बाटलीही १०० ची. बाटलीवर हा आकडा ठळक छापलेला असतो. मी फक्त एक्सपायरीची तारीख वाचत होते.

सासूबाईंना नाश्त्याआधी २४ युनिट द्यायचं काम माझ्याकडे होतं. दुधी रंगाचं मिश्र इन्शुलीन: बाटली हलवायची नाही, तळव्यांत घोळवायची. तेवढं मी नेमाने करायचे. लाल सिरिंज संपल्या तेव्हा मेडिकलमधून केशरी घेऊन आले. सुई बारीक वाटली, म्हणून बरंच वाटलं. २४ च्या रेघेपर्यंत भरायचं आणि टोचायचं. केशरी सिरिंजवर ती रेघ म्हणजे ०.२४ मिलि. आमच्या बाटलीतलं तेवढं औषध म्हणजे जेमतेम साडेनऊ युनिट.

शुगर तीनशेच्या वर गेली. आंब्याचे दिवस होते, त्यामुळे मला संशयित शोधावा लागला नाही.

"आई, तुम्ही आमरस खाताय."

"अगं, वाटीला बोटसुद्धा लावलं नाही मी."

मी गुळाचा डबा वरच्या फळीवर ठेवला. सिडकोतल्या मावशी आल्या, तर त्यांच्यासमोरही हेच बोलले. आईंनी पुढे वाद घातला नाही, पण पोळी अर्धीच घ्यायला लागल्या. ते माझ्या लक्षात यायला फार उशीर झाला.

डॉक्टरांनी पोट तपासलं. एकाच जागी टोचत राहिलं तर तिथे गाठी धरतात आणि औषध नीट शोषलं जात नाही. गाठी नव्हत्या. डोस विचारला, तर मी वही उघडून अभिमानाने दाखवली: २४, रोज वेळेवर. सिरिंज घरीच होती. त्यांनी डोस ३० केला. वहीच्या हिशेबाने ते बरोबरच होतं.

केशरी पाकीट संपायच्या आतच लाल सिरिंज मिळाल्या. आता ३० म्हणजे खरोखरचे ३०. आदल्या दिवशीपर्यंत अंगात १२ जात होते.

दुपारी आईंना दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागले, मला त्या नणंदेच्या नावाने हाक मारू लागल्या. ग्लुकोमीटरवर ५२. शुद्धीत होत्या, गिळत होत्या, म्हणून तीन चमचे साखर पाण्यात कालवून पाजली. शुद्ध हरपली असती तर तोंडात काहीच घालायचं नव्हतं, थेट दवाखाना. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासलं तेव्हा आकडा चढला होता. मग दूध-पोळी.

संध्याकाळी दोन्ही सिरिंज शेजारी धरल्या. दोन्ही एकेक मिलिच्या. लालवर ३० ची रेघ पाऊण नळीवर, केशरीवर एक तृतीयांशाच्याही खाली. दोष इन्शुलीनचा नव्हता.

डॉक्टरांना फोनवर सगळं सांगितलं. लाल सिरिंजने पुन्हा २४ वर आलो आणि शुगर पूर्वीसारखी झाली. आईंची माफी मागितली. त्या म्हणाल्या, "माझी मागितलीस, आता मावशीला सांग."

मावशींना फोन लावला. "मग शुगर वाढली कशाने?" त्यांनी विचारलं. युनिट आणि मिलि त्यांना समजावून सांगता सांगता कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या.