लग्नाआधीच्या रात्री

रात्रीची वेळ. स्वयंपाकघरात ॲनी एकटी. एकच कपकेक करायला घेतलेला. ती एकेक पाकळी बोटांनी दाबून पातळ करते, ब्रशने रंग चढवते, पाकळीला पाकळी जोडून फूल करते आणि कपकेकवर ठेवते. घटकाभर बघते आणि खाऊन टाकते.

‘ब्राइड्समेड्स’ या 2011च्या अमेरिकी सिनेमाची ख्याती वेगळ्याच कारणांसाठी आहे. सुरुवातच बेडरूममध्ये होते, शिव्यांना तोटा नाही, आणि भारी कपड्यांच्या दुकानात नवरीसकट जवळपास सगळ्याजणींचं पोट बिघडतं तो प्रसंग तर लोक अजून सांगतात. माझ्या मनात मात्र रुतून बसला तो हा कपकेक. हातात एवढी कला, आणि दोन घास वाटून घ्यायला समोर कोणी नाही. मिलवॉकीत तिची स्वतःची बेकरी होती, ती मंदीत बुडाली. जोडीदार सोडून गेला. आणि आता लहानपणापासूनची मैत्रीण, लिलियन, लग्न करून दूर जाणार.

अमेरिकेत या सिनेमाला ‘आर’ प्रमाणपत्र आहे. सतरा वर्षांखालच्या मुलांनी तो आईवडील किंवा कोणा मोठ्या माणसाबरोबरच बघायचा. हा नियम मला आवडतो. मुलांना नुसतं बाहेर ठेवण्यापेक्षा शेजारी बसणं बरं. मी तो माझ्या लेकीबरोबर पाहिला. ती आता नोकरी करणारी बाई आहे. तिच्या शाळेपासूनच्या मैत्रिणीचं लग्न नुकतंच ठरलं होतं, आणि लेक आठवडाभर जरा जास्तच हसत होती.

चावटपणाचं म्हणाल तर तो काही परदेशातून आलेला नाही. वाईला आमच्या ताईच्या लग्नात घाणा भरला तेव्हाची गोष्ट. मुसळांना आंब्याची पानं बांधून सुवासिनींनी हळकुंडं कांडली. आत्या विधवा, तिला मुसळाला हात लावायची मुभा नव्हती. ती माजघराच्या उंबऱ्याशी भिंतीला टेकून बसून होती. पण रात्री पुरुषमंडळी ओसरीवर निजायला गेली आणि आत्याचं तोंड सुटलं. नवऱ्याला कसं जागवायचं, कसं निजवायचं, सासू कान देऊन असेल तेव्हा बांगड्या कशा आवरायच्या. मध्येच एखादा असा उखाणा, की काकू पदर तोंडात कोंबून हसायची. आम्हा पोरींना गोधडीखाली झोपवलं होतं. आम्ही डोळे घट्ट मिटून सगळं ऐकत होतो. अर्धं कळत नव्हतं, पण ते ऐकताना भीती वाटत नव्हती, एवढं पक्कं आठवतं. आत्याचा संसार जेमतेम चार वर्षांचा. ज्या बाईला त्या घरात हळदीचं बोटही लागत नव्हतं, तिनेच त्या रात्री ताईला शरीराची लाज वाटू दिली नाही.

ताईच्या शेजारी तिची मैत्रीण बसली होती, पलीकडच्या वाड्यातली. दोघींनी मिळून रुखवत केलं होतं. खोबऱ्याच्या वाट्यांवर नक्षी, सुपाऱ्यांचे नवरानवरी. नवरीच्या शालूला मैत्रिणीने स्वतःच्या परकराची जर लावली होती. आत्याच्या बोलण्यावर ती हसता हसता रडायला लागली. कोणी विचारलं नाही. ताई बेळगावला गेली, आणि ही पुढे कितीतरी दिवस दुपारची आमच्याकडे यायची. काकूबरोबर तांदूळ निवडायची. काकू ताईचा विषय काढत नसे. चहा टाकायची आणि ताईचा कप हिच्यापुढे ठेवायची. रुसवा, मत्सर, पोरकेपण, सगळं त्या पोरीच्या तोंडावर दिसायचं. सिनेमात लिलियनला हेलन ही श्रीमंत नवी मैत्रीण मिळते, तशी आमच्या ताईला मिळाली नव्हती, पण नणंदा होत्या, आणि पत्रांत त्यांचीच नावं जास्त असायची.

या सिनेमाच्या लेखिका क्रिस्टन विग आणि ॲनी मुमोलो स्वतः मैत्रिणी आहेत, लॉस एंजेलिसच्या ‘ग्राउंडलिंग्ज’ या नाट्यसंस्थेत भेटलेल्या. पटकथेला ऑस्करचं नामांकन मिळालं, ते योग्यच झालं. साखरपुड्याच्या समारंभात ॲनी आणि हेलन आळीपाळीने माइक हिसकावून भाषणं करत राहतात, शेवटचा शब्द आपलाच हवा म्हणून. तो प्रसंग मला त्या सगळ्या ओकाऱ्यांपेक्षा जास्त उघडावाघडा वाटतो.

ॲनी शेवटी आईच्या घरी राहायला जाते. ही आई जिल क्लेबर्गने केली आहे. 1978च्या ‘ॲन अनमॅरिड वुमन’मध्ये नवरा सोडून गेल्यावर स्वतःच्या पायावर उभी राहणारी बाई जिने केली, ती हीच. नोव्हेंबर 2010मध्ये ती गेली, सिनेमा पडद्यावर यायच्या आधी. माझी नजर सारखी तिच्याकडे जात होती. लेकीला ती खोली देते, माया देते, आपल्या परीने सल्ले देते, आणि लेक सोफ्यावर तशीच पडून राहते. त्या सोफ्यावरून तिला उठवते ती मेगन. मेलिसा मॅकार्थीने केलेली, नवऱ्यामुलाची बहीण, म्हणजे ॲनीची मैत्रीण म्हणावी अशीही नव्हे. ती घरात येते आणि ॲनीच्या अंगावर तुटून पडते, गुद्दे घालते, लढ म्हणते, शाळेत आपल्याला किती छळलं ते सांगते. आईला हे जमलं नसतं. आईने असं केलं असतं तर तो जन्माचा सल झाला असता. मुलांच्या आयुष्यात काही खोल्या अशा असतात, की तिथे आपल्या मायेला दारातच थांबावं लागतं आणि मेगन सरळ आत जाते. तिचे उपकार मी माझ्या डोक्यावर घ्यायला तयार आहे.

हेलन मात्र मन दुखवून जाते. पॅरिसची तिकिटं देणारी, प्रत्येक समारंभ हातात घेणारी ही बाई लग्नाच्या दिवशी गाडीत रडते. नवरा सतत बाहेरगावी, सावत्र मुलं तोंड फिरवणारी, आणि मैत्रीण एकही नाही. लेकीला तिचा राग येत होता. मला तिच्या पाठीवरून हात फिरवावासा वाटला. ॲनीची आई आपल्याला दिसते, लिलियनचे वडील लग्नाच्या खर्चावर कुरकुरताना दिसतात. हेलनची आई कुठे आहे, ती हिला फोन करते की नाही, लहानपणी हिच्या वाढदिवसाला कोणी पोरी येत होत्या का, हे कोणीतरी दाखवायला हवं होतं.