ऑक्टोबरमधले ऑर्लँडो : तिकीट काढण्याआधी

अमेरिकेत बहीण, मुलगी किंवा मुलगा राहत असेल, तर आपल्या घरांत कधी ना कधी फ्लोरिडातल्या ऑर्लँडोचा विषय निघतोच. आपल्याकडच्या शाळांना मोठी सुट्टी मिळते ती दिवाळीत, आणि बऱ्याचदा तोच काळ तिथे हॅलोविनचा असतो. आमची आपा आणि दुल्हाभाई ऑर्लँडोजवळ राहतात. अम्मींना घेऊन आम्ही त्यांच्याकडे गेलो तेव्हा सर्वांनी मिळून डिस्नीचे मॅजिक किंगडम पाहायचे ठरले. तिकिटापूर्वी आम्हाला एका प्रश्नाचा निकाल लावावा लागला.

हॅलोविन म्हणजे 31 ऑक्टोबरची रात्र. आयर्लंडमधला एक प्राचीन सण आणि ख्रिस्ती संतांच्या दिवसाची आदली रात्र यांच्या मिश्रणातून ती आली. आयरिश लोक अमेरिकेत स्थायिक झाले, तेव्हा सलगम कोरून दिवा करण्याची त्यांची रीत भोपळ्यावर आली. आज तिथे मुले वेश करून दारोदार मिठाई मागतात आणि करमणुकीची उद्याने यावर मोठा हंगाम करतात.

ऑर्लँडोत या हंगामाचे दोन प्रकार आहेत आणि कुटुंबाने त्यांतला फरक जाणून घ्यायला हवा. युनिव्हर्सल स्टुडिओजमध्ये 1991 पासून भीतीच्या रात्री भरतात. अंधारे बंगले, रक्ताचे देखावे, अंगावर धावून येणारी भुते. तेरा वर्षांखालच्या मुलांना आणू नका, असे उद्यानवालेच सांगतात. मॅजिक किंगडममध्ये 1995 पासून मुलांसाठी सौम्य पार्टी असते. तिथे मिरवणूक, नाच, आतषबाजी आणि ठिकठिकाणी मिठाईचे वाटप होते. ही पार्टी एकाच रात्रीची नसते. ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरअखेरपर्यंत ठरावीक रात्री ती भरते आणि तिचे तिकीट दिवसाच्या तिकिटापेक्षा वेगळे असते. एका माणसाला शंभर डॉलरहून अधिक पडतात आणि 31 तारीख जवळ येते तसा भाव चढतो.

आमची भाची अकरा वर्षांची. तिच्या वर्गातल्या चार मैत्रिणी एका शुक्रवारी या पार्टीला जाणार होत्या आणि तिलाही बोलावणे होते. ती आपाला म्हणाली, "अम्मी, तिथे भुतं नसतात, फक्त चॉकलेट असतं." तिचे म्हणणे खोटे नव्हते. अनेक आलिम हा सण साजरा करू नये असे सांगतात. तिथली काही मुस्लिम कुटुंबे तो पाळत नाहीत, पण पार्टीकडे झुल्यांची एक संध्याकाळ म्हणून पाहतात. आपा आणि दुल्हाभाईंनी पार्टीला न जाण्याचे ठरवले होते. पण नुसते "नाही" म्हणून मुलीला घरी बसवणे दुल्हाभाईंना पटत नव्हते. ते म्हणाले, "तिचं एक काढून घेतोय, तर तिच्या हातात दुसरं काही द्यायला हवं." त्यांनी मैत्रिणीच्या आईला फोन करून आभार मानले, कारण साध्या शब्दांत सांगितले, आणि मॅजिक किंगडमचा नकाशा भाचीच्या हाती दिला. कोणत्या झुल्यावर आधी जायचे ते तिने ठरवायचे.

दिवस निवडताना एक चांगली गोष्ट कळली. ज्या रात्री पार्टी असते, त्या दिवशी साधे तिकीटवाले संध्याकाळी सहापर्यंतच आत राहू शकतात. दिवस लहान होतो म्हणून पुष्कळ लोक ती तारीख टाळतात आणि सकाळपासून दुपारपर्यंत रांगा आखूड असतात. ज्यांना पार्टीला जायचेच नाही, त्यांच्यासाठी हा दिवस सोयीचा. पार्टीच्या तारखा कित्येक महिने आधी जाहीर होतात. मात्र त्या दिवशी साध्या तिकिटावर रात्रीची आतषबाजी मिळत नाही. ती हवी असेल तर दुसरा दिवस निवडा. शिवाय नोव्हेंबरअखेरपर्यंत तिथे वादळांचा हंगाम असतो. ऑक्टोबर 2024 मध्ये मिल्टन वादळामुळे डिस्नीची उद्याने बंद ठेवावी लागली होती. म्हणून तारीख बदलता येईल असे आरक्षण बरे.

आम्ही पार्टीचाच एक रविवार निवडला. अम्मींसाठी दारातच भाड्याने व्हीलचेअर घेतली. आत शिरताच मुख्य रस्त्यावर मिकीच्या चेहऱ्याचे केशरी भोपळे दिसले. सजावट दिवसाही असतेच, ती टाळता येत नाही. भाचीने हळूच विचारले, "मामू, भोपळ्याजवळ फोटो काढला तर चालेल?" उत्तर अम्मींनी दिले, "भोपळा अल्लाहनेच बनवलाय गं, काढ." सगळे हसले आणि फोटो निघाला.

जेवणाची काळजी आधीच घ्यावी. डिस्नीत घरचे खाणे नेता येते. काचेची भांडी आणि दारू तेवढी चालत नाही. आपाने पराठे, उकडलेली अंडी आणि खजूर घेतले होते. मासे आत मिळतात, पण ते कोणत्या तेलात तळतात हे विचारून घ्यावे. झोहरच्या वेळी आम्ही गर्दीपासून दूर एक कोपरा शोधला. आम्ही कोकणातले, शाफई मसलकाचे, म्हणून प्रवासातल्या सवलतीप्रमाणे झोहर आणि असर कसर करून एकत्र पढली. आपा-दुल्हाभाई तिथलेच रहिवासी, त्यांनी आपल्या वेळेला पूर्ण पढली. हनफी वाचकांनी याबाबत आपल्या आलिमांना विचारून निघावे. मुसल्ला हलका घ्यावा आणि वुजूसाठी पाण्याची बाटली सोबत ठेवावी.

चार वाजल्यापासून पार्टीचे तिकीटवाले आत येऊ लागले. राजकन्या, समुद्री चाचे, एक अख्खे कुटुंब मधमाश्यांच्या वेशात. भाची थांबून पाहत राहिली. तिच्या चेहऱ्यावर थोडी उदासी होती, हे खोटे कशाला सांगू? सहाच्या सुमारास आम्ही बाहेर पडून बोटीने तलाव ओलांडला. ऑक्टोबरात तिथे सूर्य पावणेसात ते सव्वासातच्या दरम्यान मावळतो, म्हणजे सातला पार्टी सुरू होते तीच मगरिबची वेळ. रुबी लेक रोडवरच्या जामा मशिदीत आम्ही नमाज पढली. मशिदीच्या अंगणात तिच्या वयाच्या मुली खेळत होत्या. त्यांच्यात ती अर्ध्या तासात मिसळून गेली.

शुक्रवारनंतर मैत्रिणींनी तिच्यासाठी पिशवीभर मिठाई आणली. आपाने ती फेकली नाही. दोघींनी बसून वेष्टनांवरचा मजकूर वाचला. मऊ गमी, मार्शमॅलो आणि बरीच कँडी कॉर्न यांत जिलेटिन असते, आणि ते कशाचे हे कळत नसेल तर सोडलेले बरे. साधी चॉकलेटे राहिली. भाचीने विचारले, "पुढच्या वर्षी पण नाही?" दुल्हाभाई म्हणाले, "पुढच्या वर्षी पुन्हा बसून बोलू." तेवढ्यावर ती गप्प झाली. समाधान झाले की नाही, ते तिलाच ठाऊक.

आमच्या त्या रविवारनंतरच्या सोमवारी शाळेला सुट्टी होती. आम्ही डिस्नीच्याच एपकॉट उद्यानात गेलो होतो. तिथे ही पार्टी नसते, पण शरद ऋतूत खाद्य आणि वाइनचा महोत्सव असतो आणि दारूच्या टपऱ्या जागोजागी लागतात. म्हणून गर्दी वाढण्याआधी दुपारीच फिरून घ्यावे. तिथले मोरोक्कोचे दालन 1984 चे. त्याच्या कामासाठी राजे हसन दुसरे यांनी आपल्या देशाचे कारागीर पाठवले होते. मराकेशच्या कुतुबिया मशिदीच्या मिनाराची प्रतिकृती आणि फेज शहराच्या दरवाज्याची कमान तिथे आहे. अम्मींनी व्हीलचेअर भिंतीजवळ घ्यायला लावली, निळ्या-हिरव्या तुकड्यांवरून बोट फिरवले आणि म्हणाल्या, "हे एकेक हाताने लावलंय." भाचीने तिथेही फोटो काढला, या वेळी नानींसोबत.

अशा सफरीला निघणाऱ्यांनी तारीख, परतीची वेळ, जेवण आणि नमाजची जागा घरीच ठरवावी, आणि ठरवताना मुलांना सोबत बसवावे. दारात रांगेत उभे राहून मुलांना "नाही" सांगणे फार अवघड जाते.